खाऊची पिशवी आणि प्रेमाच्या कादंबऱ्या

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या ग्रंथालयांतून, पुस्तकांच्या दुकानांतून आणि बायकांच्या वाचनमंडळांतून एक गमतीचा तक्ता फिरू लागतो. एका बाजूला हॅलोवीनच्या गोळ्या-चॉकलेटांची नावं, दुसऱ्या बाजूला प्रणयकादंबऱ्यांचे प्रकार. कुठल्या कादंबरीबरोबर कुठला खाऊ तोंडात टाकावा, याचा हा सल्ला. आधी भांडण आणि मग प्रेम, अशी गोष्ट असेल तर शेंगदाण्याच्या लोण्याचं चॉकलेट, कारण ते खारटही आणि गोडही. लॉर्ड आणि ड्यूक यांच्या जुन्या इंग्लंडातल्या कथेबरोबर कॅरॅमल. रक्त पिणारा नायक असेल तर लाल दालचिनीची जिभेला चटका देणारी गोळी. असंच पुढे.

परदेशी राहणाऱ्या एका मैत्रिणीने असा एक तक्ता मला पाठवला आणि मी तो आमच्या बैठकीत नेला. हेतू चेष्टेचाच होता, हे कबूल करते. चेष्टा झालीही. एकजण म्हणाली, बाजाराने प्रेम आणि साखर एकाच पुडीत बांधली. दुसरी म्हणाली, बायकांना गुंगीत ठेवायला एक औषध पुरत नाही म्हणून दोन दिली. सगळ्या हसलो आणि पुढच्या विषयाकडे वळलो. बैठक संपल्यावर चपला घालताना आमच्यातली सर्वांत तरुण कार्यकर्ती हळूच म्हणाली, "ताई, मी वाचते हो असली पुस्तकं. कॉलेजात असल्यापासून. पण तुमच्यापुढे सांगायची लाज वाटते."

ही मुलगी पोलीस चौकीत फौजदारासमोर ठाण मांडून बसते, तक्रार नोंदवून घेतल्याशिवाय उठत नाही. तिला लाज वाटते ती आमची! तेव्हापासून तो तक्ता माझ्या डोक्यातून जात नाही.

हॅलोवीन म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र. या सणाचं मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडकडच्या जुन्या सणात सांगतात. तिथून स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेत आला. मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार फिरतात, खाऊ मागतात, पिशव्या भरून घरी येतात. कारखान्यात बनलेल्या, कागदात गुंडाळलेल्या चॉकलेटांचा हा सण झाला तो मात्र अलीकडे, दुसऱ्या महायुद्धातलं साखरेचं रेशनिंग संपल्यानंतर. त्याआधी लोक घरचे लाह्यांचे लाडू, सफरचंदं, बिस्किटं, क्वचित नाणी देत. आज तिथे या एका सणाच्या गोळ्या-चॉकलेटांवर अब्जावधी डॉलर खर्च होतात.

मुलं पिशव्या घेऊन घरी आली आणि झोपली की आई काय करते? पिशवीत हात घालते. अमेरिकेत हा सर्वमान्य विनोद आहे, त्याला आईबापांचा कर म्हणतात. दिवसभर पोशाख शिवून, मुलांना फिरवून, दारावर आलेल्या इतरांच्या मुलांना खाऊ वाटून झाल्यावर ती बाई दिवा लावून बसते, हातात कादंबरी आणि मांडीवर मुलांच्या पिशवीतली चार चॉकलेटं. तक्ता बनवणाऱ्यांनी हे दृश्य बरोबर ओळखलेलं आहे. ते बाईसाठी स्वतंत्र खाऊ विकत आणायला सांगत नाहीत. घरात जे उरलं आहे त्याचा उपयोग सांगतात.

मला इथे थबकायला झालं. कारण 'उरलंसुरलं' हा शब्द आपल्या किती ओळखीचा! पातेल्याच्या तळाशी राहिलेली भाजी, वाया जाऊ नये म्हणून पोटात ढकललेली पोळी, सगळ्यांना वाटून झाल्यावर डब्यात उरलेला लाडवांचा चुरा. बाईच्या वाट्याला सुख येतं तेही याच व्याकरणात. मी मागितलं नाही, मी घेतलं नाही, उरलं होतं म्हणून खाल्लं. कर्ता गायबच.

आता कादंबरीकडे येते. १९८४ साली जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंचं प्रणयकादंबऱ्यांच्या वाचनावरचं पुस्तक आलं. तोवर बहुतेक टीकाकार ही पुस्तकं स्वतः वाचून बायकांच्या डोक्यात काय शिरत असेल याचा अंदाज बांधत. रॅडवेबाई सरळ वाचकांकडे गेल्या. मध्य-पश्चिमेतल्या एका गावाला त्यांनी पुस्तकात टोपणनाव दिलं आहे. तिथल्या एका पुस्तकविक्रेतीभोवती जमणाऱ्या बायकांशी त्या बोलल्या. बहुतेक विवाहित, मुलाबाळांच्या आया. पुस्तकात काय आहे यापेक्षा पुस्तक उघडण्याची कृती या बायकांना महत्त्वाची वाटत होती. पुस्तक हातात असलं की घरच्यांना कळतं, आता आईला हाक मारायची नाही. दिवसभर सगळ्यांची उस्तवार करणाऱ्या बाईची उस्तवार करणारं घरात कुणी नसतं. ती कादंबरीतला नायक दोनशे पानं करतो. आणि त्या बायका निवडक होत्या. नायिकेला मारणारा, तिचा अपमान करणारा नायक त्यांना चालत नव्हता. अशी पुस्तकं टाळता यावीत म्हणून त्या त्या विक्रेतीचा सल्ला घेत.

रॅडवेबाईंनी यावरून या कादंबऱ्यांना क्रांतिकारक ठरवलं नाही. ज्या लग्नव्यवस्थेने बाईला उपाशी ठेवलं, तिच्याच गोड चित्राने ती भूक तात्पुरती शमते आणि व्यवस्था होती तिथेच राहते, हेही त्यांनी लिहिलं आहे. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. चॉकलेट खाऊन पोट भरत नाही हे खरं, पण जिने ते खाल्लं तिला भूक नव्हतीच असं म्हणता येत नाही.

या धंद्याने बाईला कसं हेरलं तेही पाहू. मिल्स अँड बून ही लंडनची कंपनी १९०८ ची. तिची पुस्तकं छापणारी कॅनडातली हार्लेक्विन १९४९ मध्ये सुरू झाली आणि तिनेच १९७१ मध्ये मिल्स अँड बून विकत घेतली. त्या काळात हार्लेक्विनची सूत्रं ज्यांच्याकडे आली ते गृहस्थ साबण आणि धुण्याच्या पावडरी विकणाऱ्या कंपनीतून आलेले होते. त्यांनी पुस्तकं पुस्तकासारखी विकलीच नाहीत. बाई जिथे रोज जाते त्या वाणसामानाच्या दुकानात ती ठेवली, धुण्याच्या पावडरीच्या खोक्यातून फुकट वाटली. लेखिकेच्या नावापेक्षा कंपनीचं नाव मोठं. प्रत्येक वडीची चव तीच असणाऱ्या साध्या दुधाच्या चॉकलेटशी या पुस्तकांची जोडी लावली, तर त्यात गंमत कमी आणि वर्णनच जास्त आहे.

आता मी माझ्या जोड्या लावते.

पहिली आहे 'कँडी कॉर्न'. मक्याच्या दाण्याच्या आकाराची, पांढरी-केशरी-पिवळी अशी तीन पट्ट्यांची मेणचट गोळी. १८८० च्या सुमाराची, म्हणजे हॅलोवीनच्या बहुतेक खाऊपेक्षा जुनी. दरवर्षी लोक तिला नावं ठेवतात आणि दरवर्षी ती टनावारी खपते. हिच्याबरोबर मी १९७२ सालची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' ठेवीन. कॅथलीन वुडिविस यांची ही पहिली कादंबरी. ती लाखोंनी खपली आणि तिच्यामुळे अमेरिकेत जाडजूड, उघड शृंगाराच्या ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्यांची लाट आली. गोष्ट अशी की एका अनाथ मुलीला वेश्या समजून जहाजाचा कप्तान तिच्यावर बलात्कार करतो. तिला दिवस जातात, त्याला तिच्याशी लग्न करावं लागतं आणि पुढच्या शेकडो पानांत ती त्याच्या प्रेमात पडते. बलात्कार करणारा हाच नायक. त्या लाटेतल्या किती कादंबऱ्यांत हा साचा पुन्हा आला याला गणती नाही.

१९७२ हे साल आपण विसरू शकत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा अर्थ काढून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघा पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा फरक न्यायालयासमोर ठेवला. १९८० मध्ये बायका रस्त्यावर आल्या. आपल्यापैकी कितीतरी गट त्या आंदोलनातून जन्मले. १९८३ मध्ये कायदा बदलला.

एकीकडे कादंबरी, दुसरीकडे न्यायालय. दोघांत हजारो मैलांचं अंतर, दोघांना एकमेकांची गंधवार्ता नाही. पण बाईच्या 'नाही'चा अर्थ दोघांनी एकाच रीतीने लावला: ती थांबली, म्हणजे तिला हवं होतं.

मग या कादंबऱ्या बायकांनीच का वाचल्या? याचं एक उत्तर मला पटतं. चांगल्या घरच्या बाईला इच्छा असते हे मान्यच नसलेल्या समाजात, नायिकेला शरीरसुख द्यायचं तर ते तिच्यावर लादावं लागतं. तिने मागितलं तर ती वाईट, तिच्यावर आलं तर ती निर्दोष. परत तेच व्याकरण: मी घेतलं नाही, मला दिलं गेलं. मुलांच्या पिशवीतून चॉकलेट काढणाऱ्या बाईचं समर्थन आणि त्या नायिकेचं समर्थन एकाच मातीतलं आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की चॉकलेट खाल्ल्याने कुणी जखमी होत नाही. बलात्काराला प्रेमाची सुरुवात म्हणून रंगवणाऱ्या पुस्तकाचं खापर मात्र आमच्याकडे मदतीला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर फुटतं. 'नवरा आहे, त्याचा हक्कच आहे' हे वाक्य आम्ही किती जणींच्या सासवांकडून आणि आयांकडूनही ऐकतो.

आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडताही येत नाही. अमेरिकेत नवऱ्याने केलेला बलात्कार सगळ्या राज्यांत गुन्हा ठरायला १९९३ साल उजाडलं. आपल्याकडे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी याच प्रश्नावर दोन उलट निकाल दिले. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्या नव्या पुस्तकातही नवऱ्यासाठीचा अपवाद जसाच्या तसा उतरला. तिकडच्या प्रणयकादंबऱ्या मात्र बदलल्या. आजच्या कितीतरी लेखिका नायकाला तोंडाने विचारायला लावतात आणि नायिकेला तोंडाने उत्तर द्यायला. ज्या पुस्तकांना आपण भिकार म्हणून बाजूला सारतो, ती या एका बाबतीत आपल्या कायद्याच्या पुढे निघून गेली, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

दुसरी जोडी भुताच्या वाड्याची. गॉथिक म्हणतात त्या कादंबऱ्यांची. १९६० च्या दशकात त्यांची मुखपृष्ठं सगळी एकाच छापाची असत: रात्र, मागे वाडा, वाड्याच्या एकाच खिडकीत दिवा आणि पुढे झग्यात पळणारी बाई. ही बाई वाड्यात नोकरीला आलेली तरी असते किंवा लग्न होऊन. घरात काहीतरी भयंकर आहे आणि ज्याच्यावर तिचं प्रेम आहे त्याच्यावरच तिचा संशय आहे. जोआना रस या लेखिकेने १९७३ मध्ये या कादंबऱ्यांवर निबंध लिहिला. 'कुणीतरी माझ्या जिवावर उठलंय आणि मला वाटतं तो माझा नवराच आहे' अशा अर्थाचं त्याचं नाव आहे. हुंडाबळीच्या प्रकरणांत काम केलेल्या बाईला हे नाव वाचून हसू येत नाही.

याला जोडायचा खाऊ मी विचार करून निवडला आहे. हॅलोवीनला अनोळखी लोक मुलांच्या खाऊत विष किंवा ब्लेड घालतात, अशी भीती अमेरिकेत गेली अनेक दशकं पसरलेली आहे. आईबाप पिशवी तपासल्याशिवाय मुलांना खाऊ देत नाहीत. या भीतीने एक काम चोख केलं: शेजारणीने स्वतःच्या हाताने केलेला लाडू संशयास्पद ठरला आणि कारखान्याची मोहोरबंद पुडी विश्वासू. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी १९५८ पासूनच्या वर्तमानपत्री बातम्या तपासल्या आणि १९८५ मध्ये लिहिलं की अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊने मूल दगावल्याची एकही घटना त्यांना सापडली नाही. मूल दगावल्याची एक घटना मात्र खरी आहे. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा नळीतली आंबटगोड साखर खाऊन मेला. तिच्यात सायनाइड होतं. ते घातलं होतं त्याच्या बापाने, विम्याच्या पैशांसाठी.

सगळा देश अनोळखी दाराकडे बोट दाखवत होता आणि विष घरात होतं. आपण इतकी वर्षं घसा कोरडा करून हेच सांगतो. ज्यांना सवंग म्हणून हिणवलं त्या कादंबऱ्यांनीही हेच सांगितलं, फक्त शेवटच्या प्रकरणात माघार घेतली. शेवटी कळतं की नवरा निर्दोष आहे, गुन्हेगार दुसराच कुणी. वाचणारी बाई हुश्श करते आणि शेजारी झोपलेल्या माणसाकडे बघून दिवा मालवते. ही माघार त्या कादंबरीचा दोष आहे खरा. पण तोवरची दोनशे पानं ती बाई घाबरली होती, हे कुणी विचारात घ्यायचं?

तिसरी जोडी जरा झोंबेल. हॅलोवीनच्या रात्री प्रत्येक वस्तीत एखादं घर असतं जिथे चॉकलेटऐवजी मनुका वाटतात, किंवा दाताचा ब्रश. हेतू उत्तम. मुलं 'थँक यू' म्हणतात, आणि पुढच्या वर्षी ते घर गाळून पुढे जातात. मैत्रिणींनो, आपल्या पुस्तिका आठवून पाहा. 'स्त्री आणि कायदा', 'स्त्री आणि आरोग्य', 'स्त्री आणि धर्म'. मी त्यांतल्या तीन लिहिल्या आहेत, तेव्हा बोलायचा अधिकार मला आहे. दातांना ब्रश हवाच. पण सणाच्या रात्री दारात आलेल्याला आपण फक्त तोच देत राहिलो, तर पिशव्या दुसरीकडे भरणारच.

या गमतीच्या तक्त्यात एक गोष्ट कुठेच नसते: खाऊ कुणी केला? जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. मळ्यांत बायका राबतात, पण जमीन क्वचितच त्यांच्या नावावर. २००१ मध्ये अमेरिकेतल्या चॉकलेट धंद्याने लेखी कबूल केलं की कोकोतली घातक बालमजुरी आम्ही २००५ पर्यंत संपवू. २००५ गेलं. मुदत पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, मग उद्दिष्टच लहान झालं. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेने अमेरिकन सरकारसाठी केलेली पाहणी आली. तिच्यात या दोन देशांत मिळून १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या शेतात बालमजुरी करत असल्याचा अंदाज आहे. कोयत्याने शेंगा फोडणाऱ्या मुलाच्या वयाची मुलंच दुसऱ्या खंडात पिशवी घेऊन दारोदार हिंडतात.

चॉकलेटात आणि गोडात घालायचा पेकन नावाचा अक्रोडासारखा सुका मेवा आहे, त्याचीही कथा अशीच. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला १९३८ मध्ये पेकन फोडणाऱ्या सुमारे बारा हजार कामगारांनी संप केला. बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बायका. कोंदट खोल्या, नाकातोंडात जाणारी धूळ, टरफलं काढलेल्या पौंडामागे सहासात सेंट, आणि त्यातही कपात. एमा टेनायुका ही एकवीस वर्षांची मुलगी या संपाची पुढारी होती. सदतीस दिवसांनी संप लवादाकडे गेला. त्याच वर्षी किमान वेतनाचा कायदा झाला आणि मालकांनी वेतन देण्याऐवजी यंत्रं आणली, हजारो बायकांचं काम गेलं. विडी कामगार बायकांत काम केलेल्यांना पुढचं सांगायला नको.

श्रम झाकणं हा खाऊच्या कागदाचा गुण आहे, आणि बहुतेक प्रणयकादंबऱ्यांचाही. ड्यूकच्या वाड्यात मेणबत्त्या कोण लावतं, मळे कुठल्या वसाहतीत आहेत, हे नायिका विचारत नाही. पण अपवाद आहे, आणि त्यासाठीच मला हा सगळा खटाटोप करावासा वाटला. बेव्हर्ली जेंकिन्स या काळ्या अमेरिकन लेखिकेची १९९६ मधली 'इंडिगो' ही कादंबरी. काळ १८५८, गुलामगिरी चालू आहे. नायिका हेस्टर ही एकेकाळची गुलाम, आता मिशिगनमध्ये स्वतंत्र राहते आणि पळून येणाऱ्या गुलामांना स्वतःच्या घरात लपवते. लहानपणी निळीच्या मळ्यात राबल्यामुळे तिच्या हातापायांवर निळीचा डाग कायमचा बसला आहे. नायक जखमी अवस्थेत तिच्या तळघरात येतो. तो तिच्या हातांवर प्रेम करतो, आणि ते हात असे का झाले हे विसरून नव्हे. प्रेमकथेचे सगळे नियम पाळून लिहिलेली ही गोष्ट आहे. शेवट गोड आहे. पण नायिकेच्या श्रमाचा डाग तिच्या अंगावर आहे आणि तो पुसायची कुणी घाई करत नाही. निळीच्या मळ्यांनी आपल्या देशातल्या शेतकऱ्यांचं काय केलं हे ज्यांनी शाळेत चंपारणच्या धड्यात वाचलं, त्यांना हे हात परके वाटणार नाहीत.

काळ्या नायिकेच्या पुस्तकाला गडद चॉकलेटची जोडी लावण्याची हौस काही तक्त्यांत दिसते. ती मला अजिबात आवडली नाही. माणसाच्या कातडीला खाद्यपदार्थाची उपमा देणं हे कौतुक नव्हे. शिवाय त्या लेखिकांना दारातून आत यायलाच किती वेळ लागला! काळ्या लेखिकेने लिहिलेली, काळ्या नायक-नायिकेची प्रणयकादंबरी मोठ्या कंपनीकडून १९८० मध्ये आली, ती व्हिव्हियन स्टीफन्स या काळ्या संपादक बाईंमुळे. अमेरिकेतली प्रणयलेखकांची मोठी संघटनाही त्यांनीच उभी केली. त्या संघटनेचा मानाचा पुरस्कार काळ्या लेखिकेला पहिल्यांदा मिळाला तो २०१९ मध्ये, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका आशियाई वंशाच्या लेखिकेने दुसरीच्या पुस्तकातल्या वंशवादावर बोट ठेवलं म्हणून संघटनेने बोट ठेवणारीलाच शिक्षा दिली. सभासदांनी इतका गहजब केला की शिक्षा मागे घ्यावी लागली, पदाधिकारी पायउतार झाले, आणि गळती लागलेल्या या संघटनेने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. बायकांनी बायकांसाठी उभारलेली संघटना आपल्यातल्याच बायकांचं ऐकायला नकार देते तेव्हा तिचं काय होतं, हे आपणही डोळे उघडे ठेवून वाचायला हवं. आपल्या चळवळीतल्या दलित मैत्रिणींनी हा प्रश्न आपल्याला फार आधी विचारला आहे.

हॅलोवीन आपला सण नाही, तो इथे आणावा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे त्याच सुमाराला दिवाळी येते आणि वाचन आणि खाणं यांची जोडी मराठी माणसाने स्वतःच लावलेली आहे. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळ आणि दिवाळी अंक हे जुळं आहे. फक्त चित्र आठवून पाहा. आरामखुर्चीत अंक कोण वाचतं, आणि चकलीचा सोऱ्या कुणाच्या हातात असतो? बाईच्या हाती अंक येतो भाऊबीज उलटल्यावर, चार हात फिरून, तेलाचे डाग पडलेला. उरलासुरला.

आणि प्रेमाच्या गोष्टींचं मराठी बाईला वावडं होतं असं तर मुळीच नाही. फडक्यांच्या कादंबऱ्यांनी किती जणींच्या आज्यांना दुपारी जागं ठेवलं. चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. वाचनालयात शैलजा राजे, सुमती क्षेत्रमाडे यांच्या पुस्तकांना नंबर लावावा लागे. इंग्रजी शाळांतल्या मुली वर्तमानपत्राचं कव्हर घालून मिल्स अँड बून वाचत. १९९० च्या दशकात ज्योती पुरी आणि राधिका परमेश्वरन या दोघींनी भारतीय तरुणींच्या या वाचनाचा स्वतंत्रपणे अभ्यास केला, परमेश्वरन यांनी हैदराबादच्या कॉलेजमुलींमध्ये. घरात, वर्गात कुणी जे सांगत नाही ते शरीराबद्दल, इच्छेबद्दल या मुली त्या पुस्तकांतून चाचपत होत्या, हे त्यातून दिसतं. आपण तेव्हा त्यांच्यासाठी शिबिरं घेत होतो आणि वर्तमानपत्राच्या कव्हराखाली काय आहे हे कधी विचारलं नाही.

मी त्या तरुण कार्यकर्तीला तक्ता देऊन टाकला आणि म्हटलं, तुझ्या जोड्या लावून आण. आठवड्याने तिने आणला. जुन्या बलात्कारी नायकांच्या पुस्तकांपुढे तिने लिहिलं होतं, 'खवट खोबऱ्याची वडी'. गॉथिकपुढे, 'दुसऱ्याने सोललेलं काहीही खाऊ नये'. 'इंडिगो'ची गोष्ट मी तिला सांगितली होती, तिच्यापुढे गुळाची ढेप, आणि खाली बारीक अक्षरात: 'ऊसतोड बायकांना विचारून'. ऊसतोडीच्या हंगामात मजुरी बुडू नये म्हणून गर्भपिशव्या काढाव्या लागलेल्या बीडच्या बायकांच्या बातम्या २०१९ मध्ये बाहेर आल्या, तेव्हा ती कॉलेजात होती.

ज्येष्ठ ताईंनी तो कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "माझ्या कपाटात फडके आहेत, पंधरा. तुम्हाला कुणाला कधी बोलले नाही."

तेव्हा येत्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी अभ्यासवर्गाऐवजी वाचनाची बैठक आहे. 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' आणि 'इंडिगो' यांची गोष्ट दोघीजणी मराठीत सांगतील, मग मथुरा प्रकरणाचा निकाल आणि ते खुलं पत्र शेजारी ठेवून बोलू. इंग्रजी प्रती एकेकच आहेत, आधी वाचायच्या असतील त्यांनी कार्यालयात नाव द्यावं. कव्हर घालून नेऊ नये. खाऊ आपापला आणावा, आणि तो उरलेला नसावा.